यदृच्छा, नियती आणि सोडत



ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन शाळेची मंडळी घरी आली, तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट विचारली. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गुरुजी आयुष्यभर गणित शिकवीत होते, आणि मी आयुष्यभर मराठी शिकविले. मग माझ्याकडे कसे आलात? त्यांच्यातील एक माजी विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, गुरुजींचे आणि तुमचे ओट्यावरचे भांडण आम्ही लहानपणी ऐकले आहे. तेच पुढे चालू ठेवा." गुरुजींच्या वर्गात मी कधी बसलो नाही. मी त्यांचा शेजारी होतो. उधन्याच्या त्या चाळीत संध्याकाळी यंत्रमागांची खडखड पाळी बदलताना क्षणभर थांबे, तेवढ्यात आमचे दोन शब्द होत. म्हणून आज विषय त्यांचा आणि शब्द माझे, अशी वाटणी मी करून घेतली आहे.

विषय आहे यादृच्छिक संख्या. संगणकाला आपण सांगतो, "एक ते शंभरमधला मनाला येईल तो आकडा दे," आणि तो देतो. हा आकडा येतो कोठून? संगणकाला मन नाही. मग 'मनाला येईल तो' म्हणजे काय? हा प्रश्न मला वयाच्या सत्तरीनंतर पडला, आणि तो विद्वत्तेच्या हौसेने पडलेला नाही. एका मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने पडला. ती हकीकत पुढे येईल.

आधी शब्द पाहू. माझी सवय जाणार नाही. 'यदृच्छा' हा शब्द फार जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी ऋषी विचारतात की ह्या जगाचे कारण काय, आणि संभाव्य कारणांची यादी देतात. त्या यादीत काल आहे, स्वभाव आहे, नियती आहे, आणि नियतीला खेटूनच यदृच्छा आहे. म्हणजे आधीपासून ठरलेले, आणि काहीच न ठरलेले, ही दोन्ही उत्तरे त्या विचारवंतांनी शेजारी शेजारी मांडून पाहिली. ही जोडी मनात ठेवा. आज संगणकात जे घडते ते नेमके ह्या दोन शब्दांच्या मधल्या बोळात घडते.

आपल्या कथांतही हा बोळ आहे. वनपर्वातील नलोपाख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे, पण त्यातला ऋतुपर्णाचा प्रसंग बहुधा घाईत सोडून दिला जातो. बाहुकाच्या रूपातला नल रथ हाकीत आहे आणि ऋतुपर्ण राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवर पाने किती, फळे किती, हे मोजल्यावाचून सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवितो, झाडाची मोजणी करतो, आणि राजाचा आकडा बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण म्हणतो की मी अक्षविद्या जाणतो आणि संख्याविद्येतही निपुण आहे. म्हणजे फाशांचे मर्म आणि थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज, ह्या दोन विद्या कथाकाराने एकाच माणसाच्या ठिकाणी ठेवल्या. त्या काळचे फासेही बेहड्याच्या फळांचेच. इयान हॅकिंग ह्या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या कल्पनेचा उगम शोधणारा आपला ग्रंथ १९७५ साली लिहिला, त्यात ह्या कथेची दखल घेतली आहे. आपण मात्र दमयंतीच्या स्वयंवरापाशीच अडकून बसतो.

आता माझ्या घरातले. माझे वडील खानदेशात तलाठी होते. पीक कापणीचे प्रयोग आले की त्यांच्या दप्तरात एक पत्रक येई. त्यावर आकडेच आकडे. ओळी, रकाने, ना बेरीज, ना मथळा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला वाटे ही गुप्त लिपी आहे. पाटीवर ते आकडे उतरून घेऊन मी त्यात क्रम शोधीत बसे. तीनानंतर नेहमी सात येतो असे मला एका दुपारी सापडले, आणि दुसऱ्या ओळीत ते मोडले. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, "ह्यात काही सापडत नाही, म्हणूनच हा कागद सरकारी कामाचा."

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. गावातले कोणते शेत कापायचे हे तलाठ्याने ठरविले तर तो नकळत रस्त्याजवळचे, ओळखीच्या माणसाचे, बरे दिसणारे शेत निवडील. म्हणून सर्व्हे नंबर त्या पत्रकावरून निघे. शेताच्या आत कोणता तुकडा कापायचा, तेही त्या पत्रकावरूनच. एका ठरलेल्या कोपऱ्यावर उभे राहायचे, लांबीकडे इतकी पावले, रुंदीकडे इतकी पावले, आणि तेथे खुंटी ठोकायची. मग खुंटीखाली खडक येवो की कणसांचा भार येवो. शेतकरी म्हणे, "भाऊसाहेब, जरा इकडे सरका, इथे पीक पडलंय." सरकायचे नाही, एवढाच नियम.

ह्या नियमामागे ज्यांचे मोठे काम आहे त्यांच्यात आपला एक मराठी माणूस आहे: पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. लंडनहून पीएच.डी. करून आल्यावर १९४० पासून त्यांनी शेती संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत पीक-पाहणीची यादृच्छिक पद्धत देशभर बसविली. विनायक गोविंद पानसे ह्यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. कलकत्त्याच्या महालनोबिसांशी त्यांचा जो वाद झाला तो मला एखाद्या नाटकाइतका रंगतदार वाटतो. महालनोबिस लहान तुकडे कापावेत ह्या मताचे. सुखात्मे ह्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगते. कारण? तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त. आणि कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, ही शंका आली की मापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. अप्रामाणिकपणाने नव्हे. भरलेले कणीस बाहेर टाकवत नाही, एवढेच. खुंटी यदृच्छेने ठोकली, तरी कडेला माणसाचा हात उरतोच.

ह्या हाताचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या प्रबंधासाठी एका मोठ्या गद्यग्रंथातील शब्दांची मोजदाद करायची होती. सगळी पाने मोजणे अशक्य, म्हणून मी डोळे मिटून ग्रंथ उघडी आणि ते पान घेई. माझ्या मार्गदर्शकांनी चार दिवस हा प्रकार पाहिला आणि ग्रंथ हातात घेऊन टेबलावर उभा सोडला. तो मधोमध उघडला. पुन्हा सोडला, पुन्हा तेथेच. "ह्या ग्रंथाची शिवण तेथे ढिली आहे. तुम्ही भाषेचा अभ्यास करीत नाही, बांधणीचा करता आहात," ते म्हणाले. मग मी ग्रंथालयातून यादृच्छिक अंकांचे कोष्टक आणले आणि वडिलांचा कागद मला दुसऱ्यांदा भेटला.

ही कोष्टके कशी बनत, ह्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९२७ साली टिपेट ह्यांनी ४१,६०० अंकांचे कोष्टक छापले. ते अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते. १९३८ साली फिशर आणि येट्स ह्यांनी आपले अंक लॉगॅरिथमच्या कोष्टकातील पंधराव्या ते एकोणिसाव्या स्थानांतून घेतले. १९५५ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेने तर दहा लाख अंकांचे पुस्तकच काढले. त्यासाठी विजेच्या स्पंदनांवर चालणारे यंत्र उभारले होते. शब्दकोशाला निदान अकारविल्हे असते. ह्या ग्रंथाचा गुणच असा की पुढच्या पानावर काय असेल ते आधीच्या पानावरून मुळीच कळू नये.

संगणक आला आणि पुस्तकाची अडचण होऊ लागली. दहा लाख अंक त्या काळच्या यंत्राच्या स्मृतीत मावत नव्हते. तेव्हा जॉन फॉन नॉयमन ह्यांनी १९४० च्या दशकात एक युक्ती सुचविली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, आठ अंकांतले मधले चार उचला. ही तुमची नवी संख्या. तिचा पुन्हा वर्ग करा. दिसायला आकडे अगदी बेशिस्त, पण प्रत्येक आकडा मागच्या आकड्याने पक्का बांधलेला. उपनिषदाच्या भाषेत सांगायचे तर ही नियती आहे. तिने यदृच्छेचे सोंग घेतले आहे.

येथे मला गुरुजींची आठवण अनिवार होते. एका संध्याकाळी ओट्यावर त्यांनी मला विचारले, "तुमच्या जन्माचे नको, कापरेकरांच्या जन्माचे वर्ष घ्या." दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. सुरतेहून मुंबईला जाताना आपली गाडी ज्या डहाणूवरून जाते तेच. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांचा नाद मात्र असा की डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकावरूनच 'डेम्लो' नाव दिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे आपल्याकडच्या मोठ्या मंडळींना त्यांचा पत्ता लागला. असो.

गुरुजी म्हणाले, १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजा करा. ९५१० उणे ०१५९, उत्तर ९३५१. पुन्हा तेच: ८१७२. मग ७४४३. मग ३९९६. मग ६२६४. मग ४१७६. आणि सातव्या खेपेला ६१७४. "आता ह्याचे करा." ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसले म्हणजे झाले. फार तर सात पायऱ्यांत ह्याच विहिरीत पडते. मी चकित झालो. गुरुजी म्हणाले, "तुम्हांला वाटले आकडे भटकताहेत. ते घरी चालले होते."

फॉन नॉयमन ह्यांच्या युक्तीचीही तीच गत होते, हे मी अलीकडे वाचले, तेव्हा गुरुजी नव्हते. मी वही घेतली आणि त्यांच्या आठवणीखातर ६१७४ पासूनच सुरुवात केली. ६१७४ चा वर्ग ३,८१,१८,२७६. मधले चार ११८२. त्याच्या वर्गातून ३९७१. मग ७६८८, १०५३, १०८८, १८३७. पाहणाऱ्याला काही थांग लागू नये असे आकडे. दोन दुपारी मी हा हिशेब हाताने केला. शेहेचाळिसाव्या पायरीला ६९०० आले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण शेवटी शून्ये जमू लागली होती. सत्तेचाळिसाव्या पायरीला ६१००. मग २१००, ४१००, ८१००, आणि पुन्हा ६१००. त्यानंतर जन्मभर ह्याच चार खांबांभोवती प्रदक्षिणा. असे आकडे सोडतीला वापरले असते तर अठ्ठेचाळिसाव्या माणसापासून पुढे सगळी सोडत चार घरांतच फिरली असती. फॉन नॉयमन ह्यांनाही आपल्या युक्तीची ही खोड ठाऊक होती. गणिती क्रियेने यदृच्छा निर्माण करू पाहणारा पापाचा धनी होतो, अशा अर्थाचा विनोद त्यांनी स्वतःच केला आहे.

पुढे पद्धती सुधारल्या. मध्ये फसगतही झाली. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांबरोबर 'रँडू' नावाची एक कृती पुष्कळ वापरली गेली; तिचे आकडे तीन-तीनच्या जुड्यांनी अवकाशात मांडले तर ते सगळे पंधरा सपाट पातळ्यांवर पडतात असे निघाले. म्हणजे पाऊस पडला असे वाटावे आणि खाली पाहावे तर सारे थेंब पंधरा पत्र्यांवर. किती प्रबंध त्या पावसात भिजले असतील, देव जाणे.

आज 'पायथन' नावाची संगणकभाषा मुले शाळेतच शिकतात. तिच्यात 'रँडम' नावाचा एक कप्पा आहे. त्यामागे जी कृती आहे ती मात्सुमोतो आणि निशिमुरा ह्या दोन जपानी गणितज्ञांची, १९९७-९८ ची. तिला मर्सेन ट्विस्टर म्हणतात. तिचीही प्रदक्षिणा आहेच, पण तिची लांबी ज्या संख्येने सांगतात ती लिहायलाच ६,००२ अंक लागतात. तिच्या एका फेरीचा शेवट कोणी पाहणार नाही. तरीही, मित्रहो, ती नियतीच आहे. तिला आरंभी एक संख्या द्यावी लागते. तिला 'सीड' म्हणतात, आपण बीज म्हणू. तेच बीज, तीच भाषा, तीच यादी दिली तर आकडे तेच, त्याच क्रमाने, आज आणि दहा वर्षांनीही. बीज दिले नाही तर संगणक आपल्या पोटातल्या काही खळबळीतून किंवा घड्याळातून ते स्वतः उचलतो, आणि काय उचलले ते तुम्हांला सांगत नाही.

शिवाय ह्या कृतीचे ६२४ आकडे लागोपाठ जशाच्या तसे हाती आले, तर पुढचे सगळे आकडे जाणकार माणूस काढू शकतो. म्हणून परवलीचे शब्द किंवा पैशाची कुलुपे बनविण्यासाठी ती वापरू नये, असे भाषेचे कर्तेच बजावतात. त्या कामासाठी २०१६ साली 'सीक्रेट्स' नावाचा निराळा कप्पा त्यांनी दिला. हे तपशील मला एका तरुणाने समजावून सांगितले. त्याने समजावले ती वेळ मात्र चांगली नव्हती. आता ती हकीकत.

काही वर्षांपूर्वी मी एका न्यासाच्या समितीवर होतो. नाव घेत नाही. खानदेशातून सुरतेला आलेल्या कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृहातल्या १४ जागा द्यायच्या होत्या. अर्ज आले, छाननी झाली, आणि ६१ मुली सारख्याच पात्र ठरल्या. गुणांनी निवडावे तर ज्या घरात दिवा आणि टेबल आहे त्या घरची मुलगी पुढे जाणार. म्हणून सोडत काढावी असे ठरले. ह्यात नवे काही नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलांना चाळणी लावण्यास मनाई आहे, आणि चाळणीची व्याख्या करताना यादृच्छिक पद्धत तेवढी त्यातून वगळली आहे. म्हणजे कायद्याने ओळखलेली ही एक न्याय्य रीत आहे.

त्या तरुणाने पाच-सहा ओळींची आज्ञावली लिहिली होती. कळ दाबली, पडद्यावर १४ नावे आली. सगळ्यांनी पाहिली. मग एक सभासद म्हणाले, "तांत्रिक खात्री म्हणून एकदा पुन्हा चालवून पाहू." त्यांच्या ओळखीच्या घरातले एक नाव यादीत नव्हते, हे मला ठाऊक होते. मी गप्प बसलो. कळ पुन्हा दाबली गेली, दुसरी १४ नावे आली, आणि "हीच धरू" असे ठरले. तो तरुण काही बोलणार होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या यादीत ते ओळखीचे नाव होते की नव्हते, हे आपण मला विचारू नका. माझ्या गप्प बसण्यात त्याने काही फरक पडत नाही.

चार दिवसांनी साड्यांवर टिकल्या लावण्याचे काम करणाऱ्या एक बाई लिंबायतहून माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. अहिराणीत म्हणाल्या, "सर, मनी पोरनं नाव पहिली यादीमां व्हतं म्हनतस. हाई खरं शे का?"

मी चाळीस वर्षे शब्दांवर पोट भरले. त्या क्षणी मला एकच शब्द सापडला. "हो," मी म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारले नाही. पाणी दिले, ते प्यायल्या आणि गेल्या.

मी समितीकडे गेलो. तेथे मला सांगण्यात आले की दुसरी यादीही पहिलीइतकीच यादृच्छिक आहे. यंत्राने काढली, कोणी हात लावला नाही. हा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे आणि मला त्याचे उत्तर देता येईना. उत्तर दिले त्या तरुणाने, कागदावर. एका सोडतीत एखादे नाव येण्याची शक्यता एकसष्टात चौदा, म्हणजे शेकडा २३ च्या आसपास. पण नाव आले नाही तर पुन्हा एकदा कळ दाबण्याची मुभा ज्याला आहे, त्याच्या माणसाची शक्यता शेकडा ४१ च्या जवळ जाते. आणि पहिल्या यादीत जिचे नाव आलेले होते, जिचे काम झालेले होते, तिला आपण उचलून पुन्हा २३ वर नेऊन उभे केले. यंत्र दोन्ही वेळा निर्दोष होते. "थांबायचे केव्हा, हे यंत्राने ठरवले नाही, सर," तो म्हणाला. मला सुखात्म्यांचा कडेवरचा हात आठवला.

यादी बदलली नाही. ती मुलगी नंदुरबारकडे मामांच्या गावी शिकायला गेली. पुढचे मला ठाऊक आहे, पण ते तिचे आहे. व्यासपीठावरून सांगण्याचे नाही.

पुढच्या वर्षी मी समितीवर राहण्यासाठी एकच अट घातली, आणि नियम त्या तरुणाकडून लिहवून घेतले. पात्र मुलींची यादी क्रमांक घालून तीन दिवस आधी फलकावर लावायची. त्यानंतर त्यात वर-खाली नाही, कारण यादीचा क्रम बदलला की त्याच बीजातून दुसरी नावे निघतात. आज्ञावलीच्या ओळी आणि भाषेची आवृत्ती त्याच कागदावर छापायची. बीज यंत्राने उचलायचे नाही. ते सर्वांसमोर निघायचे. आणि कळ एकदाच दाबायची.

बीज किती अंकी असावे ह्यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटले सहा अंक पुरेत. त्याने दाखविले की ६१ मधून १४ निवडण्याच्या रीती बावीस लाख कोटींहून अधिक आहेत, आणि सहा अंकी बिजे अवघी दहा लाख. म्हणजे बहुतेक याद्या मुळातच निघू शकत नाहीत. एकेका मुलीच्या दृष्टीने ह्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. तरीपण पंधरा अंक घेऊ, असे ठरले. मला तेवढी ऐट आवडली.

सोडतीच्या दिवशी एक माठ ठेवला. त्यात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या, एकाच मापाच्या, एकाच घडीच्या. पंधरा मुलींनी ओळीने येऊन एकेक चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची, फळ्यावर लिहायची आणि चिठ्ठी परत माठात टाकून माठ हलवायचा. चौथ्या मुलीने सात काढला, पाचवीनेही सात. मागून कोणी ओरडले, "हलवला नाही नीट!" माठ पुन्हा हलवला गेला, पण सात मात्र तसाच राहू दिला, न आवडलेला आकडा पुसायचा नाही, हे आता सगळ्यांना कळले होते. खऱ्या यदृच्छेत सात-सात लागोपाठ येतात. येऊच नयेत असे वाटणे, हा आपला स्वभाव.

माठातून यदृच्छा निघाली आणि यंत्राने तिच्यावर नियती चालविली. फळ्यावरचे पंधरा अंक यंत्रात घातले, कळ दाबली, नावे आली. कोणाला वाटले तर तेच अंक घरी आपल्या यंत्रात घालून तीच नावे काढून पाहावीत, असे फलकावर लिहून ठेवले होते. असे कोणी करील असे मला वाटले नव्हते. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा सातवीतला भाऊ आला. त्याने शाळेच्या संगणकावर सगळे करून पाहिले होते. वहीचे पान पुढे करून म्हणाला, "सर, नावं सगळी जुळली. पण अकराव्या नावात आडनाव चुकलंय, 'पाटील' नाही, 'पाटोळे' आहे."

आम्ही मूळ अर्ज काढून पाहिला. त्याचे बरोबर होते.